डॉक्टरांनी तुम्हाला गुरुवारी बोलावलंय

आई,

साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी तुम्हाला येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता अमरावतीला बोलावलं आहे. आणि मी "हो, आणते" असं सांगून आले आहे. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आता तुम्हीच सांगा, काय करू?

तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. वरणाला दोनदा मीठ पडलं. हजेरी घेताना एकच नाव दोनदा पुकारलं, सगळी पोरं हसली. तुमच्या चिरंजीवांना सांगितलं तर म्हणाले, फोन करून सांगून टाक, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं! फोन हातात घेते आणि ठेवून देते. आज रविवार आहे, पूर्वा शेजारी कमलबाईंच्या अंगणात खेळते आहे. म्हटलं डॉक्टरांशी बोलायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. तुमच्याशी बोलायचं दोन वर्षांपासून राहूनच गेलंय.

पहिल्यापासून सांगते. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधीच चाललं नाही.

शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी पूर्वाला मारलं. चौदा वर्षांच्या नोकरीत मी एकाही लेकरावर हात उगारला नव्हता. उगारला तो माझ्याच लेकरावर, भर वर्गात. फळ्यावरची पाच वाक्यं उतरवून घ्यायची होती. सगळ्यांची झाली. पूर्वाने दीड वाक्य लिहिलं, मग खोडरबर पडला म्हणून वाकली, खाली मुंग्यांची रांग दिसली, रांगेमागे दारापर्यंत गेली आणि तिथून पाण्याच्या टाकीपाशी. हाक मारली की यायची, बसायची, पुन्हा उठायची. चौथ्यांदा उठली तेव्हा माझ्या हातातली पट्टी तिच्या पाठीवर बसली. ती रडली नाही. "मी काय केलं?" असं तिने विचारलं, आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या कोणाचं लेकरू असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मॅडम आपल्या पोरीला सवलत देतात असं गावाने म्हणू नये, ही माझी सगळी धडपड. बाकीच्यांना एक नियम आणि पूर्वाला दीड. मेळघाटातून बदली होऊन मी खाली आले तेव्हा तिचं नाव माझ्याच शाळेत घातलं, आठवतं? कॉन्व्हेंटच्या गाड्या आपल्या दारावरून जायच्या, तरी मी तिला माझ्यामागे गाडीवर बसवून झेडपीच्या शाळेत नेलं. काय कौतुक झालं होतं माझं! सरपंचांनी ग्रामसभेत टाळ्या वाजवायला लावल्या. घरी येऊन मी ते तुम्हाला तिखटमीठ लावून सांगितलं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि भाकरी थापायला लागलात. मला तेव्हा केवढा राग आला होता तुमचा.

आमची शाळा दोनच शिक्षकांची. पहिली-दुसरी वानखडे सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत सर माझ्याजवळ आले. खिचडीच्या ताटाकडे बघत हळूच म्हणाले, मॅडम, राग मानू नका, पण पूर्वाला एकदा डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षं ती माझ्या हाताखाली होती, पोरगी हुशार आहे, खोडकर नाही, तिला थांबताच येत नाही.

आई, माझ्या हातातला घास हातातच राहिला. हेच तुम्ही म्हणाला होतात ना?

थंडीचे दिवस होते. तुम्ही ओसरीवर हिरव्या तुरीच्या शेंगा सोलत होतात, मी बाजूला वह्या तपासत होते. पूर्वाने नुकतंच दुधाचं पातेलं उलटं केलं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वैशाली, राग नोको मानू. पोट्टीले एकदा डॉक्टरले दाखवू. हे खोडकरपण नाही वो. तिले थांबताच येत नाही."

आणि मी काय म्हणाले? ते वाक्य मला आजही शब्दनशब्द पाठ आहे. मी म्हणाले, "पाच वर्षं मी नव्हते, तुम्हीच वाढवलीत. बिघडली असेल तर कोणामुळे बिघडली ते तुम्हीच बघा." वर हेही म्हणाले, की माझ्या पोरीला वेडी ठरवायला निघालात का.

तुम्ही सोललेले दाणे वाटीत ठेवलेत, टरफलं पदरात घेतलीत आणि उठून मागच्या दारी गेलात. झालं. नंतर तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत.

का नाही काढलात? एरवी तुमचा हट्ट काय कमी होता? गुरुकुंजाच्या आश्रमात जायचं म्हटलं की भर उन्हात जायच्याच. गोरणीच्या दिवशी सवाष्णींच्या जेवणाचं पुरण पाट्यावरच वाटायच्या, मिक्सरला हात लावू द्यायच्या नाहीत. मग याच एका गोष्टीत माझ्यासमोर हार का मानलीत? दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायचं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणायचं होतं. मी भांडले असते, अबोला धरला असता, धरू द्यायचा होता! पूर्वाची दोन वर्षं तरी वाचली असती. बघा, अजूनही मी दोष तुमच्याच पदरात टाकते आहे. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

तर अमरावतीला गेलो. डॉक्टर लहान मुलांच्या मनोविकारांचे आहेत, हे बाहेरच्या पाटीवर वाचून मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढली, कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून. हेही तुम्हाला सांगायलाच हवं. पूर्वाने पहिल्या पाच मिनिटांत वजनकाट्यावर तीनदा उड्या मारल्या, पंखा बंद-चालू केला आणि डॉक्टरांना विचारलं की तुमच्या मिशा खऱ्या आहेत का. डॉक्टर हसले. त्यांनी तिला ठोकळे दिले, तिच्याशी गप्पा मारल्या. तिचे कान आणि डोळे तपासून घ्या म्हणाले, झोप किती, जेवण कसं, सगळं विचारलं. मग दोन कागद दिले. एक घरासाठी, एक वर्गशिक्षकांसाठी. वीसेक वाक्यं आणि समोर तीन रकाने: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. पंधरा दिवसांनी भरून आणा.

घरचा कागद मी त्याच संध्याकाळी भरला. सांगितलेलं काम अर्धवट सोडते का? कधीच नाही. वस्तू हरवते का? कधी कधी. बसल्या जागी चुळबुळ करते का? कधी कधी. स्वयंपाकघरात तिच्या हातून फुटलेली बरणी तेव्हा कोपऱ्यात गोळा करून ठेवलेली होती. शाळेचा कागद मी दुसऱ्या दिवशी शाळेत भरला, टेबलाशी बसून, चष्मा लावून. नेहमी. नेहमी. नेहमी. वर्गशिक्षिका मीच, म्हणजे तो मीच भरायचा, यात मला काही वावगं वाटलं नाही.

मागच्या गुरुवारी डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तुमचे चिरंजीव पूर्वाला घेऊन बाहेर गेले होते, आत मी एकटीच.

"दोन्ही तुम्हीच भरलेत?"

"हो. तिची वर्गशिक्षिका मीच आहे."

"मॅडम, शाळेतल्या पूर्वाचं लक्ष सतत उडतं. घरातल्या पूर्वाचं कधीच उडत नाही. मग मी तपासायचं कोणाला?"

मी काहीतरी सांगायला लागले. म्हटलं, घरी ती मनात आणलं तर बसते हो डॉक्टर, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल रंगवत सकाळपासून दुपारपर्यंत जागची हलली नाही, मग लक्ष नाही असं कसं म्हणायचं? माझ्या दृष्टीने हा हुकमी पत्ता होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, आवडीच्या कामात अशा मुलांचं लक्ष कधी कधी इतरांपेक्षा जास्त लागतं. प्रश्न नावडीच्या कामाचा, थांबण्याचा, वाट बघण्याचा असतो. आणि हेही म्हणाले की आपण अजून कशालाच नाव दिलेलं नाही, नाव द्यायची मला घाई नाही. पण तिला तसं काही आहे की नाही हे ठरवायचं तर ती घरी कशी असते आणि अगदी लहानपणी कशी होती, हे मला खरं कळायला हवं. नाहीतर माझाही अंदाज चुकेल आणि नुकसान तिचं होईल.

मग त्यांनी विचारलं, शाळेत जायच्या आधी ही कोणाजवळ असायची?

"सासूबाईंजवळ. मी मेळघाटात नोकरीला होते."

"मग त्यांनाच घेऊन या ना पुढच्या वेळी. त्यांच्याइतकं हिला कोणीच पाहिलेलं नसणार."

आणि मी म्हणाले, "हो, आणते."

का म्हणाले ते मलाही कळलेलं नाही. कदाचित एवढ्यात दुसऱ्यांदा चुकीची ठरायची माझी तयारी नव्हती. कदाचित त्या क्षणी मला खरंच वाटलं की परतवाड्याला घरी गेल्यावर तुम्ही ओसरीवर बसलेल्या असाल. डॉक्टरांनी दोन्ही कागद नव्याने भरायला दिले, शाळेचा दुसऱ्या शिक्षकांकडून, आणि बजावलं, जे दिसतं तेच लिहा, जे असावंसं वाटतं ते नको.

शुक्रवारी घरचा कागद घेऊन बसले. तीन-चार वर्षांची असताना कशी होती, असं पहिलंच विचारलं होतं. पेन टेकवलं आणि माझ्याकडे लिहायला काहीच निघालं नाही. शनिवारी संध्याकाळी मी जीपमध्ये बसून धारणीकडून खाली यायची आणि सोमवारी अंधार असताना परत जायची. माझ्याकडे तिच्या पहिल्या पाच वर्षांचे फक्त रविवार आहेत. त्या रविवारी ती न्हाऊमाखू घातलेली, वेणी घातलेली, माझ्या गळ्यात पडलेली असायची. सोमवार ते शनिवार तुमच्याकडे. ते तुम्ही सोबत घेऊन गेलात.

तुमच्या लेकाला विचारलं. ते म्हणाले, "मले काय माहीत? मी तं झेरॉक्सच्या दुकानात राहत होतो. माय होती न घरी."

मग कमलबाईंकडे गेले. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि काय काय सांगितलं! गुरुवारच्या बाजारात तुम्ही पूर्वाच्या मनगटाला पदराची गाठ मारून न्यायच्या, कारण दोनदा ती जीपसमोर धावली होती. दोनदा! मला एकदाही सांगितलं नाहीत. एका रविवारी देवळात जाताना ती गाठ मी पाहिली होती आणि पोरीला गुरासारखं बांधून नेता का, म्हणून तुम्हाला बोलले होते. तुम्ही तिला एका वेळी एकच काम सांगायच्या, ते झाल्याशिवाय दुसरं नाही. आणि पाढे बंगईवर बसवून म्हणून घ्यायच्या, एका झोक्याला एक ओळ. त्यावरूनही मी बोलले होते, परीक्षेत बंगई कुठून आणणार म्हणून. तुमचं तेरावं झाल्यावर घर रंगवायला काढलं तेव्हा ती काढून माळ्यावर टाकली. बारापर्यंतचे पाढे तिला तोंडपाठ आहेत. त्यानंतरचे मी खुर्चीवर बसवून शिकवतेय, ते येत नाहीत.

उठताना कमलबाई म्हणाल्या, "दोन वर्सापयले आमी दोघी तिले दाखवाले नेलं होतं न बाई. तुले सांगतलं नाही का त्याईनं?"

मी पुन्हा खाली बसले.

आपल्या नेहमीच्या, लहान मुलांच्या डॉक्टरांकडे तुम्ही तिला घेऊन गेला होतात. दोन तास नंबर लावून. त्यांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आजी, तुम्ही सांगता त्यात तथ्य आहे, पण हे मोठ्या डॉक्टरांचं काम आहे, आणि आईवडिलांना घेऊन या, त्यांच्याशिवाय पुढे काही करता येत नाही. ती शेंगा सोलायची सकाळ त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. म्हणजे तुम्ही उगाच काही बोलला नव्हतात. डॉक्टरांचा निरोप घेऊन बसल्या होतात आणि तो द्यायच्या आधीच मी तुमचं तोंड बंद केलं.

आई, मी चुकले. इतकं मोठं चुकले की आता कोणाची माफी मागायची तेही कळत नाही. पूर्वाची मागितली. तिला जवळ घेऊन म्हटलं, त्या दिवशी वर्गात मारलं ते चुकलं माझं. ती म्हणाली, कोणत्या दिवशी? तिच्या लक्षातही नाही. असं वाटतं, तेवढं एक बरं आहे. आणि लगेच वाटतं, कोणत्या दिवशी म्हणाली, म्हणजे असे दिवस खूप आहेत का?

आज सकाळी पुन्हा कागद घेऊन बसले. कमलबाईंनी सांगितलेलं सगळं आधी मागच्या बाजूला लिहून काढलं. जीप, मनगटाची गाठ, बंगई, सगळं. मग रकान्यांकडे वळले आणि पुन्हा माझा हात 'कधी कधी'वर जायला लागला. खरं सांगते, सवयीने. तेवढ्यात पूर्वा आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून वाचायला लागली. वाचते ती झरझर, तुम्हाला माहीतच आहे. सहावं वाक्य वाचलं, सातवं वाचलं, आणि म्हणाली, "हे तू मॅडम म्हणून लिहून राहिली का आई म्हणून?"

मी म्हटलं, आई म्हणून.

"मंग खरं लिव न. मले बसताच येत नाही. मी लय करून पाहतो, पण येतच नाही."

नऊ वर्षांची आहे हो ती! करून पाहते म्हणाली. रोज, वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर ती करून पाहत होती आणि मी वहीवर लाल शाईने 'प्रयत्न करत नाही' असं लिहीत होते.

मी पेन तिच्याच हातात दिलं. म्हटलं, तू सांग, दोघी मिळून लिहू. तिने वीसपैकी सात वाक्यांवर खुणा केल्या, मग मांजर दिसलं म्हणून पळाली. उरलेल्या मी केल्या, तिने केल्या असत्या तशाच. शाळेचा कागद कालच वानखडे सरांना दिला. ती त्यांच्या हाताखाली होती, आणि माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागूनच आहे, ऐकू सगळं जातं. त्यांनी तो भरून पाकिटात घालून चिकटवून दिला. मी तो उघडलेला नाही.

तर गुरुवारचं ठरलं. खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं हेच सांगेन की सासूबाई नाहीत, मागच्या वेळी मी खोटं बोलले. मग कागदाची मागची बाजू दाखवीन आणि सांगेन, हे त्यांनी पाहिलेलं आहे, मी नाही. डॉक्टर काही नाव सांगतील तर ते नाव ऐकेन. नाव नाही म्हणाले तर तेही ऐकेन. औषध म्हणाले तरी मध्ये बोलणार नाही, समजून घेईन, मग बोलेन. आणि हे कोणामुळे झालं, हा प्रश्न या घरात मी पुन्हा तोंडातून काढणार नाही. तुम्हाला शब्द देते. दोन वर्षं उशिरा देते, पण देते.

पूर्वा फाटकावर चढून हाका मारते आहे. चौथी हाक झाली. जाते तिच्याकडे.

तुमची वैशाली,
पूर्वाची आई